काल जिंकणारा हात आज का हरतो?

गेल्या पावसाळ्यात एक वडील आपल्या 22 वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. तक्रार वडिलांनीच सांगितली. "डॉक्टरसाहेब, याला एकाग्रतेची एखादी चांगली गोळी द्या. नाहीतर याचा तो गेम तरी सोडवा." मुलगा मान खाली घालून नखं बघत बसला होता. अशा वेळी मी नेहमी करतो तेच केलं. वडिलांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं.

दार लागल्यावर मुलगा बोलायला लागला. तो हिंजवडीत नोकरी करतो, सकाळी सातची कंपनीची बस पकडतो आणि रात्री 'स्ट्रीट फायटर 6' खेळतो. नुसता वेळ घालवायला नव्हे, मनापासून. अधूनमधून छोट्यामोठ्या स्पर्धांत उतरतो. त्याचा प्रश्न असा होता: "सर, सोमवारी मी वीसपैकी पंधरा सामने जिंकलो. मंगळवारी तसेच खेळाडू, तोच कंट्रोलर, आणि तेरा हरलो. गेलं वर्षभर असंच चाललंय. डायमंडमध्ये एक तारा वर, दोन तारे खाली. माझ्या मेंदूत काही बिघाड आहे का?"

मी विचारलं, "काही औषध वगैरे घेतोस का?" जरा घुटमळून त्याने पाकिटातून अर्धी राहिलेली स्ट्रिप काढली. प्रोप्रानोलॉल, 40 मिलिग्रॅम. स्पर्धेच्या आधी हात थरथरतात म्हणून एका मित्राने दिली होती. आधी फक्त स्पर्धेपुरती, मग "महत्त्वाच्या" सामन्यांच्या रात्रीही. मग त्याने सहज म्हणून सांगितलं, "तसा काही आजार नाही सर. शाळेत असताना दम्याचा पंप होता, तो कधीच सुटला. फक्त पावसाळ्यात थोडा शिट्टीसारखा आवाज येतो छातीत."

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहितोय. पण गोळीकडे यायच्या आधी त्याच्या मूळ प्रश्नाकडे बघू, कारण तो प्रश्न खरा आहे आणि त्याचं चुकीचं उत्तर मिळालं म्हणूनच गोळी आली.

आधी हा खेळ काय आहे ते

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर उभी असतात, एक तुमचा आणि एक प्रतिस्पर्ध्याचा. ठोसे, लाथा, बचाव. ज्याची ताकदीची पट्टी आधी संपते तो फेरी हरतो. माझ्या पिढीने हा खेळ व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये, नाणं टाकून पाहिलेला आहे. बारावीच्या क्लासला जाताना वाटेत एक पार्लर होतं आणि त्यात मी 'स्ट्रीट फायटर 2'वर किती पैसे घालवले ते आईला आजही माहीत नाही. (शेजारच्या मशिनवर 'मुस्तफा' असायचा. त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' आहे हे मला डॉक्टर झाल्यावर कळलं.)

आता तोच खेळ इंटरनेटवरून खेळला जातो आणि फार गंभीरपणे खेळला जातो. हांगझाऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत, म्हणजे 2022 ची म्हणून 2023 मध्ये झालेल्या, 'स्ट्रीट फायटर 5'ला पदकं होती आणि भारताचे खेळाडूही त्यात उतरले होते. तेव्हा "नुसता गेम" म्हणून उडवून लावण्याचे दिवस गेले, असं मी त्या वडिलांनाही नंतर सांगितलं.

पंधरा आणि सात यांत फरक किती?

आता त्या मुलाचं सोमवार-मंगळवारचं गणित. समजा हा मुलगा समोर येणाऱ्या खेळाडूंपेक्षा किंचित सरस आहे आणि प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता 55 टक्के आहे. रोज 20 सामने खेळला तर सरासरी 11 जिंकेल. पण रोज बरोबर 11 जिंकणार नाही. नाणेफेकीचंच गणित लावलं तर शंभरातल्या साधारण 95 दिवशी त्याचा आकडा 7 ते 15 यांच्या मध्ये कुठेतरी पडेल. म्हणजे सोमवारचे 15 आणि मंगळवारचे 7 हे दोन्ही आकडे एकाच माणसाचे, एकाच कौशल्याचे असू शकतात. त्यासाठी मेंदूत काहीही बिघडावं लागत नाही. रोज खेळणाऱ्या अशा खेळाडूच्या वाट्याला जवळजवळ दर आठवड्याला एक दिवस असा येणारच, की तो 8 किंवा त्याहून कमी सामने जिंकेल.

सलग हरण्याचंही तसंच. नाणं शंभर वेळा उडवलं तर कुठेतरी सलग पाच वेळा काटा पडण्याची शक्यता सुमारे 80 टक्के असते. पण माणसाला सलग पाच पराभव झाले की तो नाण्याचा विचार करत नाही. तो कारण शोधतो. आज जेवण जास्त झालं, कंट्रोलर बिघडला, माझ्यातच काहीतरी कमी आहे. आणि कारण शोधणाऱ्याला कारण सापडतंच.

त्यात या खेळांची जुळणी करणारी यंत्रणा अशी, की तुम्ही जिंकत गेलात की समोर अधिक तगडे खेळाडू येतात आणि हरत गेलात की सोपे येतात. तिचा उद्देशच तुम्हाला निम्म्या-निम्म्या हारजितीच्या आसपास ठेवण्याचा आहे. रक्तदाबाची गोळी वाढवत नेली तरी रोज रक्तदाब तितकाच दिसावा, तशी ही गत. तुम्ही खरोखर सुधारत असलात तरी जिंकण्याचं प्रमाण फारसं वाढलेलं दिसत नाही. निम्मे जिंकणारा आणि 55 टक्के जिंकणारा यांच्यातला फरक आकड्यांत जरा विश्वासाने ओळखायचा तर 400 च्या आसपास सामने हाताशी लागतात. आपण मात्र एका रात्रीच्या वीस सामन्यांवर स्वतःचं निदान करतो.

या खेळाच्या जगातला सर्वांत प्रसिद्ध क्षण 2004 सालचा आहे. कॅलिफोर्नियातल्या 'इव्हो' स्पर्धेत जपानचा दाइगो उमेहारा अमेरिकेच्या जस्टिन वाँगशी खेळत होता. दाइगोच्या पट्टीत शेवटचा एक कण उरला होता, साध्या बचावानेही तो संपला असता. वाँगने पंधरा आघातांची चाल सोडली आणि दाइगोने एकेक आघात अचूक वेळी परतवून सामना जिंकला. तो व्हिडिओ आजही लोक बघतात. त्यानंतरच्या अंतिम सामन्यात काय झालं हे मात्र फार कमी जण सांगतात. दाइगो तो हरला. इतिहासातला सर्वांत नावाजलेला बचाव करणारे हात आणि अंतिम सामना हरणारे हात एकच होते, आणि स्पर्धाही तीच होती. हे मी त्या मुलाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. ही हकीगत त्याला पाठ होती, फक्त स्वतःला लागू करायची राहून गेली होती.

ती गोळी

स्पर्धेच्या आधी अॅड्रिनॅलिन वाढतं. छाती धडधडते, तळवे गार पडून घामेजतात, बोटांत बारीक कंप येतो. प्रोप्रानोलॉल हे संप्रेरक शरीरातल्या ज्या 'बीटा' ग्राहींवर काम करतं त्यांनाच झाकून टाकतं. धडधड कमी, कंप कमी. वादक, वक्ते ही गोळी घेतात हे खरं आहे, आणि योग्य रुग्णाला मीही ती देतो. नेमबाजी आणि तिरंदाजीत तिच्यावर बंदी आहे, यावरून ती काय करते ते लक्षात येईल.

पण तेच बीटा ग्राही श्वासनलिकांच्या भिंतींतही असतात. तिथे त्यांचं काम नळ्या मोकळ्या ठेवण्याचं आहे. दम्याच्या माणसात ते झाकले गेले की नळ्या आवळल्या जाऊ शकतात, आणि कधी कधी जीवघेण्या. त्यातून वाईट म्हणजे आपण अशा वेळी जो पंप देतो त्यातलं औषध त्याच ग्राहींवर काम करतं. कुलूप आधीच भरलेलं, चावी कुठे लावणार? "शाळेत पंप होता आणि पावसाळ्यात शिट्टी वाजते" याचा अर्थ दमा गेलेला नाही, तो शांत आहे एवढाच. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनाही ही गोळी त्रास देऊ शकते, कारण साखर उतरल्यावर जी धडधड धोक्याची सूचना देते तीच ती दडपते. एक महत्त्वाची गोष्ट: जे लोक हृदयासाठी किंवा मायग्रेनसाठी ही गोळी रोज घेतात त्यांनी हा लेख वाचून ती अचानक बंद करू नये. तेही धोक्याचं आहे. माझं बोलणं मित्राच्या खिशातून आलेल्या गोळीबद्दल आहे.

आणि समजा दमा नसता तरी? ती गोळी कंप कमी करते, कौशल्य देत नाही. ती घेतलेल्या रात्री तो कधी 15 जिंकला असेल, कधी 7. पण 15 जिंकले ते गोळीमुळे, आणि 7 जिंकले ते गोळी कमी पडली म्हणून, असा हिशेब मनात बसतो. मला या प्रकाराची खरी भीती इथे वाटते. नैसर्गिक हेलकाव्यांना आजार समजलं की प्रत्येक चांगला दिवस औषधाच्या खात्यात जमा होतो.

मग शरीराचा काहीच भाग नाही का?

आहे, आणि तो सांगितला नाही तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. हे खेळ सेकंदाला 60 चित्रांनी चालतात, खेळाडू त्यांना फ्रेम म्हणतात. निरोगी तरुण माणसाला दिवा लागताच बटण दाबायला सांगितलं तर 200 ते 250 मिलिसेकंद लागतात, म्हणजे 12 ते 15 फ्रेम. पण ते एकच दिवा, एकच बटण असताना. समोर काय येईल याचे पर्याय वाढले की वेळ वाढतो. हिक या शास्त्रज्ञाने 1952 मध्येच हे मोजून दाखवलं. 'स्ट्रीट फायटर 6'मध्ये 'ड्राइव्ह इम्पॅक्ट' नावाचा एक मोठा आघात आहे. तो सुरू झाल्यापासून लागेपर्यंत 26 फ्रेम जातात, म्हणजे साधारण 0.43 सेकंद. ताजातवाना माणूस, लक्ष तिकडेच असेल तर, त्याला उत्तर देऊ शकतो. इंटरनेटचा आणि पडद्याचा उशीर त्यातून वजा करा, की हातात फारसं काही उरत नाही. (टीव्हीवर खेळत असाल तर त्याचा 'गेम मोड' चालू करा आणि वायफायऐवजी केबल लावा. हा डॉक्टरी सल्ला नाही, पण फुकट आहे.)

आता झोप. झोपेच्या संशोधनात एक साधी चाचणी वापरतात: पडद्यावर आकडा उमटला की बटण दाबायचं, दहा मिनिटं. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागला तर त्याला 'लॅप्स' म्हणतात, आपण डुलकीभर हरवलेलं लक्ष म्हणू. अर्धा सेकंद म्हणजे 30 फ्रेम. 26 फ्रेमचा आघात त्यात येऊन लागून गेलेला असतो. झोप अपुरी असली की माणूस सगळाच्या सगळा मंद होत नाही. बराच वेळ तो नेहमीसारखा असतो आणि मधूनच असा एखादा क्षण गळतो. म्हणूनच खेळाडूला ते "कधी लागतं, कधी नाही" असं वाटतं.

सलग 17 तास जागं राहिल्यावर काही चाचण्यांत माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असताना होते तितकी घसरते, असं दिसून आलं आहे. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा 0.03 टक्के आहे. सहाला उठलेल्या आमच्या या खेळाडूचे 17 तास रात्री अकराला भरतात, आणि त्याचे सामने सुरू होतात साडेअकराला! वर अर्धा लिटर एनर्जी ड्रिंक. कॅफिन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात, म्हणजे पहाटे साडेचारला निम्मं अजून रक्तात. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना दोन आठवडे रोज फक्त चार किंवा सहा तास झोपू दिलं होतं. त्यांची कामगिरी घसरत गेली, पण आपण किती घसरलोय हे त्यांना स्वतःला फारसं जाणवत नव्हतं. "मला पाच तास पुरतात सर," असं सांगणाऱ्या प्रत्येकाला मी हा अभ्यास सांगतो. कुणालाच आवडत नाही.

वयाचं विचाराल तर, हांगझाऊला 'स्ट्रीट फायटर'चं सुवर्ण दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकलं तेव्हा ते 44 वर्षांचे होते. या वयात प्रतिक्रियेचा वेग विशीतल्या पोरांसारखा नसतो. पुढे काय येणार याचा अंदाज मात्र अधिक पक्का असतो, आणि अंदाज बरोबर आला की पर्याय कमी होतात. बाविसाव्या वर्षी "माझे रिफ्लेक्स गेले" म्हणणाऱ्याला मी म्हणूनच फारसं मनावर घेत नाही.

राहिला दबाव. जिना उतरताना पाय कुठे पडतोय याचा विचार करून बघा, अडखळायला होतं. अंगवळणी पडलेली हालचाल दबावाखाली माणूस पुन्हा पायरी-पायरीने तपासू लागतो आणि तिथे ती मोडते. सरावाची पद्धतही इथे आड येते. हा मुलगा सराव कक्षात तीच चाल शंभर वेळा परतवायचा. सत्तर-ऐंशीनंतर ती हमखास जमायची, कारण आता तीच येणार हे माहीत असायचं. 1986 चा बॅडमिंटनवरचा एक अभ्यास आहे. नवशिक्या खेळाडूंना तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवल्या. काहींनी एकेक प्रकार घोटला, काहींनी तिन्ही उलटसुलट केल्या. नंतरच्या परीक्षेत उलटसुलटवाले पुढे गेले. सराव कक्षात अनेक चाली नोंदवून त्या कुठल्याही क्रमाने आपल्यावर सोडता येतात, असं त्या मुलानेच मला दाखवलं. सोय होती, वापरत नव्हता. कारण तसं केलं की सरावातही चुका होतात आणि वाईट वाटतं.

वडिलांचा प्रश्न

"हे व्यसन आहे का?" जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' घेतला आहे आणि ती यादी जानेवारी 2022 पासून लागू आहे. पण त्याचे निकष कडक आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान होत असूनही चालू ठेवणं, आणि हे सगळं साधारण वर्षभर, आयुष्य विस्कटेल इतकं. हा मुलगा नोकरी नीट करतो, मित्र आहेत, गणपतीत ढोल वाजवतो. मी वडिलांना सांगितलं की हे व्यसन नाही. पण हरल्यावर "एक जिंकतो आणि झोपतो" म्हणत दोन वाजवणं त्या वाटेवरचं आहे, हेही मुलाच्या देखत सांगितलं. दोघांनाही माझं निम्मं बोलणं पटलं, वेगवेगळं निम्मं.

उपचार म्हणाल तर फारसे नव्हते. गोळ्या बंद. त्या तो अधूनमधूनच घेत असल्याने थेट बंद करता आल्या. फुंकण्याची चाचणी केली, तिच्यात दमा स्पष्ट दिसला, योग्य पंप सुरू केला. रात्री साडेअकरानंतर सामने नाहीत आणि सलग दोन हरले की उठायचं, जिंकून उठण्यासाठी थांबायचं नाही. आणि एक वही: तारीख, झोपेचे तास, सामने किती, जिंकले किती. महिना संपेपर्यंत बेरीज करायची नाही, ही अट.

दोन महिन्यांनी तो वही घेऊन आला. कमी झोपेच्या दिवसांचे आकडे पडलेले दिसत होते, पण तितक्या सामन्यांवरून छातीठोक काही सांगता येणार नाही, हे मी त्याला सांगायच्या आधी त्यानेच मला सांगितलं. अजूनही 15 येतात, अजूनही 7 येतात. छातीतली शिट्टी मात्र थांबली आहे. जाताना त्याने विचारलं, "सर, तुम्ही पार्लरमध्ये कोण घ्यायचात?" मी म्हटलं, गाईल. "म्हणजे कोपऱ्यात बसून राहणारे," तो म्हणाला आणि पुढच्या पेशंटला आत सोडून निघून गेला.